माळ्यावरची व्हीलचेअर : कौटुंबिक हिंसाचाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात २०२४च्या उत्तरार्धात सुरू झालेलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून वयं, अंतरं आणि काही नाती बदलली आहेत, शिवाय मिळत्याजुळत्या प्रकरणांतले एक-दोन तपशील यात मिसळले आहेत. जिच्याबद्दल हे आहे तिला इथे ताई म्हणू.

ताई चौतीस वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी दुचाकीवर मागे बसलेल्या असताना ट्रकची धडक बसली आणि मणक्याला डी-१० पातळीवर, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, लघवी-संडासवर ताबा नाही. हात, खांदे, मान मात्र पूर्ण शाबूत. मणक्याचं ऑपरेशन झालं, अठराव्या दिवशी घरी सोडलं आणि उपचार तिथेच संपले. कुशीवर स्वतः कसं वळायचं, पलंगावरून खुर्चीत कसं सरकायचं, लघवीची नळी स्वतः कशी घालायची, यातलं काही कुणी शिकवलं नाही. पुढे हाच मुद्दा सगळ्यात जड ठरला.

घरात नवरा, त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि चौथीत शिकणारी मुलगी. नवरा दूध संघाच्या टेम्पोवर चालक. घर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. ताईंना संजय गांधी निराधार योजनेतून त्या वेळी महिना १,५०० रुपये मिळत. त्याखेरीज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने दिलेल्या भरपाईतला मोठा भाग ताईंच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत होता. अशी ठेव मुदतीआधी मोडायची तर न्यायाधिकरणाची परवानगी लागते आणि त्या अर्जावर ठेवीदाराची सही. नवऱ्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता. ताई सही करत नव्हत्या. हिंसेचं मूळ इथे होतं, पण ते लगेच कळलं नाही.

प्रकरण कसं उघड झालं

मुलगी दुपारच्या सुटीनंतर शाळेत परत येईनाशी झाली. महिन्यातले अकरा दिवस अर्धवेळ हजेरी. वर्गशिक्षिकेने विचारल्यावर ती म्हणाली, "आईची पिशवी ओतायला जाते." शिक्षिकेने गावातल्या आशा कार्यकर्तीला सांगितलं, तिने तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांना, फोन केला.

त्याआधी सहा महिने ताईंच्या भावाने ११२वर फोन केला होता. पोलीस घरी आले, दारातच नवऱ्यासमोर "हे मारतात का?" असं विचारलं, ताई "नाही" म्हणाल्या. नवऱ्याला समज देऊन पोलीस गेले. त्या रात्रीपासून ताईंचा मोबाइल देवळीवर, हात पोहोचणार नाही असा ठेवला जाऊ लागला. कुणाला बोलावलं की आपलीच कोंडी होते, हे ताई तेव्हाच शिकल्या.

पहिली भेट

संरक्षण अधिकारी फोन करून, वेळ ठरवून घरी गेल्या. घर झाडलेलं, पलंगावर धुतलेली चादर, शेजारी घडी उघडून ठेवलेली व्हीलचेअर. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. नवरा चहा घेऊन आला. काही त्रास आहे का, या प्रश्नावर ताई म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित करतात." नोंदवहीत ‘कौटुंबिक वातावरण समाधानकारक, आर्थिक अडचण’ एवढंच लिहिलं गेलं. प्रकरण इथे मिटलंच असतं.

ते मिटलं नाही याला कारण आशा कार्यकर्तीच्या दोन नोंदी. एक, खुर्चीच्या दोन्ही टायरांवर धूळ होती आणि हवा अजिबात नव्हती. दोन, खोलीत वास होता. खुर्ची वापरात असती तर हवा भरलेली असती. आणि डी-१० इजा झालेल्या माणसाला कमरेखालच्या जखमेचं दुखणं कळत नाही, त्यामुळे जखमेची पहिली खूण बहुधा वासच असते.

ड्रेसिंगच्या खोलीतली वीस मिनिटं

आशा कार्यकर्तीने "पाठीची जखम एकदा दाखवून घेऊ, मोफत आहे" असं म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरला. खर्च नाही म्हटल्यावर नवऱ्याने हरकत घेतली नाही. रुग्णालयातल्या परिचारिकेने ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हा नियम सांगितला. तो सगळ्यांना लागू असल्यामुळे कुणाला संशय आला नाही. संरक्षण अधिकारी आधीच आत होत्या.

या वेळी प्रश्न बदलले होते. मारतात का, त्रास देतात का, असं काही विचारलं नाही. काल दिवसभरात किती पेले पाणी मिळालं? पिशवी शेवटची कुणी आणि कधी ओतली? रात्री कूस कोण बदलतं, किती वेळा? खुर्ची कुठे असते? आत्ता फोन लावायचा म्हटलं तर हात पोहोचेल का? एटीएम कार्ड कुणाकडे आहे? तुम्ही घराबाहेर शेवटचं कधी पडलात?

उत्तरं अशी आली. सकाळी एक, संध्याकाळी एक, असं दिवसाला दोन पेले पाणी, कारण "जास्त प्यायलं की जास्त ओतायला लागतं." लघवीची नळी सात आठवडे बदललेली नव्हती. साधी लॅटेक्सची नळी साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, नाहीतर क्षार साचून ती तुंबते आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. कूस दिवसा सासूबाई जमेल तेव्हा बदलत, रात्री कुणी नाही. व्हीलचेअर पाच महिने माळ्यावर होती, फक्त ‘बाई येणार’ म्हटल्यावर खाली आली होती. एटीएम कार्ड नवऱ्याकडे. सही करत नाही म्हणून तीनदा थोबाडीत मारलं होतं, पण ताईंनी ते सगळ्यात शेवटी सांगितलं. "मारलं तर सांगता येतं. खुर्ची वर ठेवली हे कुणाला सांगू?"

हे कायद्यात कुठे बसतं

माकडहाडावरची जखम ६ बाय ५ सेंटिमीटर, तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे त्वचेखालच्या चरबीपर्यंत गेलेली. अशा जखमा गरिबीमुळे, अज्ञानामुळेही होतात आणि ‘काळजी नीट घेतली जात नाही’ म्हणून सोडून दिल्या जातात. इथे निष्काळजीपणा आणि हेतू वेगळे करणं भाग होतं. त्यासाठी उपयोगी पडली ती एकच तारीखवार मांडणी. ठेवीच्या अर्जाला नकार दिल्याची तारीख, खुर्ची माळ्यावर गेल्याची तारीख आणि पाणी कमी झाल्याची तारीख एकाच पंधरवड्यात येत होती.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार हिंसा मानतो. अनुदान आणि व्याज काढून घेणं आर्थिक हिंसेत सरळ बसतं. पण खुर्ची आणि पाणी यांच्यासाठी नेमकं कलम दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये आहे. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पेय न देणं, आणि सहायक साधनाच्या वापरात अडथळा आणणं, या दोन्ही गोष्टी कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचे गुन्हे आहेत. व्हीलचेअर माळ्यावर ठेवणं म्हणजे सहायक साधनाच्या वापरात अडथळा. हे कलम पोलीस ठाण्यांत फारसं वाचलेलंच नसतं.

नवरा आणखी एक धमकी देत असे : "तुला वेडी ठरवून मी पालक होतो, मग सहीची गरजच नाही." ती पोकळ होती. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालचं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरतं आहे. मणक्याची इजा त्यात येत नाही. शिवाय २०१६च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बँक, मालमत्ता, करार यांबाबत ताईंचा अधिकार इतर कुणाहीइतकाच आहे. हे कळल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "दोन वर्षं याचीच भीती घातली."

समोरचे पर्याय

बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो त्यांना तिथून बाहेर काढण्याचा. या प्रकरणात तो धोक्याचा होता. ताईंना दर दोन तासांनी कूस बदलणारं, नळी सांभाळणारं, संडास काढणारं कुणीतरी लागत होतं. मारहाण करणाऱ्याच्या घरातून त्यांना उचलून जिथे हे करणारं कुणी नाही तिथे ठेवलं, तर आठवड्याभरात जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात जाऊ शकला असता. काळजीची सोय आधी आणि कारवाई नंतर, हा क्रम उलटा झाला की बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःच परत जाते. मग सगळे म्हणतात, तिलाच जायचं होतं.

निवारागृह. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे निवारागृहाच्या प्रमुखाने आश्रय द्यायचाच असतो. प्रत्यक्षात जिल्ह्यातल्या निवारागृहाला प्रवेशापाशी पाच पायऱ्या, झोपण्याची खोली पहिल्या मजल्यावर, संडास भारतीय पद्धतीचे, आणि प्रवेश अर्जात ‘स्वतःची कामे स्वतः करू शकते का’ असा रकाना. तिथून लेखी नकार मागितला, तो मिळाला नाही. सखी वन स्टॉप सेंटर तळमजल्यावर होतं, पण तिथला मुक्काम पाच दिवसांपुरता आणि रात्री काळजी घेणारी व्यक्ती नाही.

माहेर. भाऊ तयार होता. दोन खोल्या, संडास अंगणाच्या टोकाला. "वहिनीवर किती दिवस ओझं टाकू?" हा ताईंचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

त्याच घरात राहून नवऱ्याला बाहेर काढणं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरतं, म्हणजे सुनेला तिथे राहण्याचा हक्क असतो. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पण घराबाहेर जाण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही, तसं कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९मध्येच म्हटलं आहे. म्हणजे नवरा बाहेर, सासूबाई आत, आणि ताई दिवसभर पुन्हा त्यांच्याच हाती.

लगेच गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, आणि दिव्यांग कायद्याचं कलम ९२. अटक झाली तर रात्री ताईंकडे कोण पाहणार, याचं उत्तर बैठकीत कुणाकडेच नव्हतं.

कार्यकारी दंडाधिकारी. दिव्यांग कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते, आणि त्यांनी तातडीने सुटका, सुरक्षित ठिकाणी सोय, निर्वाहखर्च असे आदेश द्यायचे असतात. तहसील कार्यालयात असा अर्ज पूर्वी आलेला नव्हता. लिपिकाने विहित नमुना मागितला. साध्या कागदावर, कलम लिहून, वैद्यकीय कागद जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. तो लगेच रेटायचा नाही असं ठरलं. नवऱ्याने आडकाठी केली तर वापरायचा.

ताईंना स्वतःला काय हवं होतं? मुलगी सोबत हवी. ठेव सुरक्षित हवी. खुर्ची हवी. नवऱ्याला तुरुंग, हे त्या वेळी त्यांच्या यादीत नव्हतं. पुढचा क्रम या यादीवरून ठरला.

रुग्णालय हाच पूल

जखम खरोखरच भरती करण्याजोगी होती. त्यामुळे बाहेर पडण्याचं कारण वैद्यकीय ठेवलं. भांडण नाही, आरोप नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्यांनी विनंती केली की सरकारी वैद्यकीय संस्थेने उपचार द्यायचेच असतात. ताई ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात गेल्या आणि अकरा दिवस राहिल्या. त्या अकरा दिवसांत पुढची कामं झाली.

वैद्यकीय नोंद. पहिल्या केसपेपरवर फक्त ‘बेडसोर, काळजी अपुरी’ असं होतं. न्यायालयात याचा काही उपयोग होत नाही. डॉक्टरांना नेमकं लिहायला सांगितलं : जखमेची लांबी-रुंदी-खोली, टप्पा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, नळी शेवटची बदलल्याची तारीख, लघवीच्या तपासणीचा निकाल, शरीरातलं पाण्याचं प्रमाण, गालाचा वळ, आणि रुग्णाने स्वतः सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत.

कौटुंबिक घटना अहवाल. संरक्षण अधिकाऱ्यांनी नमुना १ वॉर्डातच भरला. छापील रकान्यांत ‘खुर्ची काढून घेणे’ बसत नाही, म्हणून ‘इतर’खाली जोडपत्र लावलं. प्रती दंडाधिकारी आणि पोलीस ठाण्याला.

बँक. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये ज्येष्ठ आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा देण्याची सूचना बँकांना केली आहे. तिचा आधार घेतल्यावर शाखेचा एक अधिकारी वॉर्डात आला. जुनं एटीएम कार्ड बंद, नवीन मोबाइल क्रमांक नोंद, व्याज जमा होण्याचं खातं बदललं. शाखेत आधी एकाने "मिस्टर नॉमिनी आहेत, त्यांना विचारावं लागेल" असं सांगितलं होतं. ठेवीदार जिवंत असताना नामनिर्देशित व्यक्तीला काहीही अधिकार नसतो, हे सांगावं लागलं. न्यायाधिकरणालाही पत्र दिलं : ठेव मोडण्याचा अर्ज आला तर ठेवीदाराला समक्ष विचारल्याशिवाय परवानगी देऊ नये.

विधी सहाय्य. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील. स्त्री आणि दिव्यांग, या दोन्हींपैकी कुठल्याही एका कारणावरून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही.

चौथ्या दिवशी नवरा आला आणि डामा मागितला, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याचा कागद. आपल्याकडे तो कागद सर्रास नातेवाईकच सही करतात, आणि निवासी डॉक्टरने तो पुढे केलाही. वॉर्डच्या सिस्टरनी थांबवलं. रुग्ण सज्ञान, शुद्धीत, सही तिची. केसपेपरवर एक ओळ आली : ‘रुग्ण पूर्ण शुद्धीवर, निर्णय घेण्यास सक्षम, घरी जाण्यास नकार.’ या एका ओळीने प्रकरण वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. तहसीलमधला दिव्यांग कायद्याच्या कलम ७चा अर्ज त्याच दुपारी बाहेर काढला आणि वॉर्डात पोलीस शिपाई बसला.

न्यायालय

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज दाखल झाला. कायदा पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा असं म्हणतो. प्रत्यक्षात पहिली तारीख एकोणिसाव्या दिवशी लागली. न्यायदालन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार माणसांनी खुर्ची उचलून नेण्याचा प्रस्ताव ताईंनी नाकारला, आणि बरोबर केलं. तशा उचलण्यात माणूस पडतो, शिवाय सगळ्या आवाराचं प्रदर्शन होतं. वकिलांनी कलम २८चा आधार घेतला. न्यायालय स्वतःची कार्यपद्धती ठरवू शकतं. दंडाधिकारी तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात आल्या आणि तिथे बंद दाराआड जबाब झाला.

अंतरिम आदेशात नेमकेपणा हवा, यावर वकिलांनी बराच वेळ घालवला. ‘प्रतिवादीने हिंसाचार करू नये’ अशा वाक्यातून खुर्ची खाली येत नाही. मागणी अशी लिहिली : व्हीलचेअर, युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), आधार, वैद्यकीय फाइल आणि मोबाइल सात दिवसांत पोलिसांसमक्ष परत करणे, ठेवीच्या विषयावर समक्ष, फोनवर किंवा नातेवाइकांमार्फत संपर्क न करणे, पर्यायी घराचं भाडं देणे, मुलीचा तात्पुरता ताबा आईकडे. यातलं बहुतेक मिळालं.

एक चूक मात्र महाग पडली. निर्वाहखर्चाच्या तक्त्यात अन्न, भाडं, शाळा एवढंच मांडलं होतं. अपंगत्वाचा खर्च राहिला. दुरुस्ती अर्जात तो असा मांडला : रोज चार तासांची मदतनीस, महिना ६,००० रुपये, नळ्या, पिशव्या, हातमोजे, जेली १,२००, ड्रेसिंग आणि औषधं १,५००, डायपर १,८००, एअर बेडची वीज आणि महिन्याला एक रिक्षाफेरी ७००. एकूण ११,२००. न्यायालयाने ६,५०० मंजूर केले, आणि दुरुस्तीत पाच आठवडे गेले ते वेगळेच.

गुन्हा केव्हा नोंदवला

पाचव्या आठवड्यात नवरा दोन माणसं आणि स्टँपपेपर घेऊन भावाच्या घरी गेला. ताई तेव्हा तिथे होत्या. त्यानंतर गुन्हा नोंदवायचा निर्णय ताईंनी स्वतः घेतला. पोलीस ठाण्यात जाण्याची गरज नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला किंवा दिव्यांग व्यक्तीला साक्षीदार म्हणून राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. महिला अधिकारी घरी आल्या. पहिल्या खबरीत (एफआयआर) फक्त छळाचं कलम ८५ आणि दुखापतीचं ११५(२) आली. कलम ९२ नव्हतं, "ते समाजकल्याणचं असेल" असं उत्तर मिळालं. कायद्याची मराठी प्रत, धूळ बसलेल्या टायरांचा फोटो आणि पाण्याची नोंद जोडून पोलीस अधीक्षकांना अर्ज दिला. नऊ दिवसांनी कलम वाढलं. हे कलम दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे त्या अर्जात ठळक लिहावं लागलं.

पुनर्वसन

ताईंना मुंबईतल्या एका सरकारी पुनर्वसन रुग्णालयात सात आठवडे ठेवलं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी हे शिकवलं जातं, हेच तालुका पातळीवर अनेकांना माहीत नसतं.

शिकवल्या त्या चार गोष्टी. कायमची नळी काढून, दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी स्वतः घालून लघवी काढणं. सुरुवातीला आरसा लावून, मग हाताच्या अंदाजाने. एका वेळी पाचशे मिलीच्या आत, आणि दिवसाला दीड-दोन लिटर पाणी मोजून. दुसरं, पलंगाच्या कठड्याला बांधलेल्या दोराला धरून स्वतः कूस बदलणं. तिसरं, सरकपाटीवरून, म्हणजे मध्ये टेकवलेल्या फळीवरून, पलंग ते खुर्ची. चौथं, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून माकडहाडावरचा भार काढणं.

या सात आठवड्यांच्या आधी ताईंना चोवीस तास माणूस लागत होता. आता रोज तीन तास पुरतात : आंघोळ, संडास, स्वयंपाकाची उचलठेव. जेवढी परावलंबिता कमी झाली तेवढीच नवऱ्याची पकड ढिली झाली. हे प्रशिक्षण चार वर्षांपूर्वी, घरी सोडतानाच मिळालं असतं, तर पाण्याचे पेले मोजण्याची सत्ता कुणाच्या हातात गेलीच नसती.

सध्याची स्थिती

ताई माहेरच्या गावी भावाच्या घरापासून तीन घरं सोडून तळमजल्याच्या एका खोलीत राहतात. भाडं २,५०० रुपये. उंबरठा फोडून उतार केला. संडासात कमोड खुर्ची आणि दोन पकडदांडे बसवले, खर्च चार हजारांच्या आत. मुलगी सोबत आहे, शाळा बदलली. जखम पाचव्या महिन्यात भरली.

नवऱ्याने तीन महिने पैसे दिले नाहीत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) प्रमाणे न्यायालयाने दूध संघाला पगारातून परस्पर रक्कम वळती करायला सांगितलं. तेव्हापासून येतात, दोनदा उशिरा आले. फौजदारी खटला प्रलंबित आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीची वेळ आधी कळवायला नको होती, आणि ताईंशी एकांतात बोलल्याशिवाय अभिप्राय लिहायला नको होता. एकांत मागून मिळत नाही. तो तपासणी, ड्रेसिंग, प्रमाणपत्राचं नूतनीकरण, हयातीचा दाखला अशा एखाद्या कामातून काढावा लागतो.

मुलीचा विचार नियोजनात नव्हता, ही यातली सगळ्यात मोठी चूक. ताई रुग्णालयात गेल्या तेव्हा मुलगी घरीच राहिली, आणि नवऱ्याने नऊ दिवस "पोरगी हवी असेल तर परत ये" असे निरोप पाठवले. त्या नऊ दिवसांत ताई दोनदा परत जायला निघाल्या होत्या. पहिल्याच दिवशी शाळेमार्फत मामाकडे सोय आणि कलम २१ची, म्हणजे मुलीच्या ताब्याची, मागणी पहिल्या अर्जात, हे सहज शक्य होतं.

सासूबाईंशी वेगळं कुणी बोललंच नाही. त्या आरोपींच्या रकान्यात गेल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या हिरल हरसोरा या २०१६च्या निकालानंतर स्त्रीलाही प्रतिवादी करता येतं, त्यामुळे कागदावर त्यात काही वावगं नव्हतं. पण तीन महिन्यांनी त्यांनीच संरक्षण अधिकाऱ्यांना सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या मणक्यात गॅप आहे, सुनेला उचलून उचलून त्या मोडल्या होत्या, दोनदा मुलाकडे मदतीला बाई ठेवायला पैसे मागितले आणि शिव्या खाल्ल्या. पाणी मोजायला लावणारा तोच. खुर्ची माळ्यावर त्यानेच चढवली. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला अठरा किलोची खुर्ची माळ्यावर नेता येणार नाही, हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांचा जबाब घेतला असता तर कलम ९२ला प्रत्यक्ष साक्षीदार मिळाला असता. प्रतिवादी केल्यावर त्या मुलाच्याच वकिलाकडे गेल्या. आता त्या साक्ष देतील का, सांगता येत नाही. त्यांचं नाव वगळण्याचा अर्ज ताईंनी दिला आहे, त्यावर निर्णय बाकी आहे.

निवारागृहाचा लेखी नकार न मिळाल्यामुळे त्याविरुद्ध काही करता आलं नाही. त्याच दिवशी ईमेलने विनंती पाठवली असती तर उत्तर न येणं हाही पुरावा झाला असता.

एक काम अजून उरलं आहे. ठेवीवर नामनिर्देशन नवऱ्याचंच होतं. ते बदलून मुलीचं केलं आहे, ती सज्ञान होईपर्यंत रक्कम स्वीकारायला मामा. ठेव ज्या वर्षी पिकेल त्या वर्षी मुलगी चौदा वर्षांची असेल. मुदतीच्या तीन महिने आधी बँकेला नूतनीकरणाची लेखी सूचना द्यायची, अशी नोंद संरक्षण अधिकाऱ्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आणि ताईंच्या खोलीतल्या कॅलेंडरच्या मागे, दोन्हीकडे लिहून ठेवली आहे. तोपर्यंत संरक्षण अधिकाऱ्यांची बदली झालेली असेल.